तेरावा महिना

कलिन्याच्या नाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानावरचा माळा.
जुलैची एकतीस, संध्याकाळचे सात.
आयकराचं पोर्टल गोल गोल फिरतंय
आणि मी दुसऱ्यांदा विचारते,
आडनाव?

आमच्यात नसतं, लेतेब्रहान म्हणते.
मी, मग वडील, मग त्यांचे वडील. एवढंच.
पण लाल चांदणीचा रकाना रिकामा सोडता येत नाही,
म्हणून तिगरायच्या कुठल्याशा टेकडीवर
मेंढ्या राखत जन्म काढलेल्या हागोस आजोबांना
मी आडनाव केलं.

शिष्यवृत्ती हे उत्पन्न नव्हे.
कलम दहा, पोटकलम सोळा.
अख्ख्या कायद्यात हे एक कलम मला
घरच्या माणसानं लिहिल्यासारखं वाटतं.
पण मिठी नदीचा गाळ बाटल्यांत भरून तपासायचं
एक काम तिनं केलं होतं, अठ्ठेचाळीस हजारांचं.
त्यातले चार हजार आठशे कापून घेतलेले.
ते परत हवेत. मालकानं डिपॉझिट वाढवलंय.

वर्षभरात भारतात किती दिवस होतीस?
सगळे.
सगळे कसे? पासपोर्ट दाखव.
आल्याचा शिक्का होता. गेल्याचा एकही नाही.
सुट्टीत? कुणाचं लग्न, आजारपण?
वडील गेले, ती म्हणाली.
गावातला टॉवर अजून पडलेलाच आहे.
कळलं तेव्हा चाळिसावा दिवसही होऊन गेला होता.
मग कशाला जायचं.

मी उगीचच कॅल्क्युलेटर पुढे ओढला.
तीनशे सहासष्ट.
लीप वर्ष होतं.

पोर्टल पुन्हा अडकलं.
आमचं वर्ष तेरा महिन्यांचं, ती सांगत होती,
बारा महिने तीस तीस दिवसांचे
आणि उरलेल्या पाचांचा एक, पागुमे. कधी सहांचा.
त्या दिवसांत पहाटे आई आम्हाला नदीवर न्यायची,
पाण्यानं हाक मारत उठवायची.

तेरावा महिना म्हटल्याबरोबर
माझ्या जिभेवर म्हण आली.
तिचा पहिला शब्द मी
हिच्या गावाकडच्या बातम्यांत रोज वाचलेला.
गिळली.
म्हटलं, आमच्यातही असतो, तीनेक वर्षांनी,
धोंड्याचा महिना. जावयाला अनारसे देतात.
आणि सुनेला?
सुनेला करायला लावतात.
ती हसली. तेवढ्यात पान उघडलं.

घरमालकाचं वर्ष अकरा महिन्यांचं,
खात्याचं बारा, हिचं तेरा.
मी यादी खाली ओढली.
निवासी.
अनिवासी.
आणि सहसा कुणी न उघडणारा तिसरा:
निवासी, पण सामान्यतः निवासी नाही.

याचा अर्थ?
मागच्या दहापैकी नऊ वर्षं तू इथे नव्हतीस.
ते खरं आहे, ती म्हणाली.
आणि तुम्ही?
मी वाकोल्याची. तिथेच जन्मले.
अजून तिथेच?
चाळ पाडली. अकरा वर्षं झाली, ट्रान्झिट कॅम्पात आहोत.
इमारत उठली की परत.
तिनं स्क्रीनवरच्या त्या ओळीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
मी बटण दाबलं.

ओटीपी तिच्या फोनवर आला.
सहा आकडे तिनं आधी स्वतःशी, तिच्या भाषेत म्हटले,
मग मला.
ठरल्यापेक्षा शंभर कमी घेतले.
पावती फाडली, श्रीमती हागोस.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून तिनं विचारलं,
पैसे केव्हा येतील?
मी बोटं मोजली. ऑगस्ट, मग सप्टेंबरचे थोडे.
खात्याचा भरवसा मी कधीच कुणाला देत नाही.
पागुमेच्या आत, म्हटलं.